सांग तुया बापाले

"हलू नको रे मुडद्या, डोळ्यात साबन जाईल!" चंदाबाई ओरडली आणि झिंग्यानं नेमकं तेव्हाच अंग झाडलं. तलावाच्या पाळीवर बसून जाळ्याच्या तुटक्या गाठी बांधत असलेला बापूजी फेसासकट भिजला.

बापूजीनं तोंड पुसलं, जाळं बाजूला ठेवलं आणि बायकोकडे न बघता कुत्र्याला म्हणाला, "झिंग्या, विचार तुया मायले, तुले आंघोळ घालून राह्यली का मले?"

"सांग तुया बापाले," चंदाबाई कुत्र्याची मान घासत म्हणाली, "त्याइले धुवाले एक वडी पुरन का? वर्षाचा मळ हाय."

तलावावर बैल धुवायला आलेली माणसं खो खो हसली. पोळ्याचा आदला दिवस होता. पळसबोडीचा तलाव बैलांच्या जोड्यांनी भरून गेला होता आणि त्या सगळ्या शिंगांच्या गर्दीत चंदाबाईचं एक तांबूस कुत्रं कान पाडून उभं होतं. नथ्थू पाटील दरवर्षी म्हणायचा तेच याही वर्षी म्हणाला, "चंदाबाई, तुया बैल भुंकते वो!"

"भुंकते तं भुंकते. तुयासारका भर नांगरात बसत तं नाई," चंदाबाईनं उत्तर फेकलं. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो हे नथ्थूला ठाऊक होतं, तरी वर्षातून एकदा त्याला राहवत नसे.

चंदाबाईच्या माहेरी दोन जोड्या होत्या. पोळ्याला बैलांच्या पाठीवर रंगाचे शिक्के मारायचं काम तिचं असे. लग्न होऊन ती आली मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात. इथं एक डोंगा, चार जाळी आणि भिंतीला अडकवलेल्या टोपल्या. गोठा नाही, दावं नाही. पहिल्या पोळ्याला ती लोकांच्या अंगणात जाऊन दुसऱ्यांच्या बैलांना ओवाळून आली आणि घरी येऊन रडली. बापूजीनं तेव्हा म्हटलं होतं, घेऊ एखादी जोडी. ती जोडी काही आली नाही. पुढं तीस वर्षांनी झिंग्या आला.

तोही आपणहून आला. एका सकाळी बापूजी झिंग्यांची टोपली डोंग्यातून काढून काठावर ठेवतो तर टोपलीत एक बोटभर शेपटीचं पिल्लू बसलेलं आणि अर्धे झिंगे फस्त. हात घातला तसं ते झिंग्यासारखंच उडी मारून बाहेर पडलं. नाव ठेवायला वेगळा विचार करावा लागला नाही.

त्या घराला तेव्हा त्याची फार गरज होती. चंदाबाईनं नवऱ्याशी थेट बोलू नये ही तिच्या सासूची शिस्त. सासू गेली, पण जिभेचं वळण गेलं नाही. आणि बायको थेट बोलत नाही म्हटल्यावर बापूजीलाही थेट बोलायची लाज वाटू लागली. रिंकू झाल्यापासून दोघांचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चाले. "रिंके, सांग तुया बापाले, मीठ संपलं." बाप शेजारीच बसलेला. पोरगी म्हणे, "बाबा, मीठ संपलं," आणि बाप म्हणे, "सांग तुया मायले, आनतो." मग रिंकूचं लग्न झालं, ती राजुऱ्याला गेली आणि घरातला टपालवाला गेला. तीन महिने घरात नुसती भांडी वाजत होती. जेवण झालं की चंदाबाई ताट आपटायची, भूक लागली की बापूजी खोकायचा. पिल्लू आलं त्याच संध्याकाळी चंदाबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सांग तुया बापाले, भात झाला." बापूजीला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो दोन वेळा भात घेऊन जेवला.

तेव्हापासून सहा वर्षं झिंग्या त्यांचा पोरगा होता, निरोप्या होता आणि पोळ्याच्या दोन दिवसांपुरता बैलही होता.

पोळ्याच्या आदल्या त्या संध्याकाळी चंदाबाईनं त्याच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि बैलांना देतात तसं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." झिंग्यानं तिचा तुपाचा हात कोपरापर्यंत चाटला. सकाळी तिनं गुलाबी रंग कालवला. तो बैलांचा पक्का रंग, महिनाभर हलत नाही. स्टीलच्या पेल्याची कड बुडवून पाठीवर गोल शिक्के मारले आणि कपाळापासून कानामागपर्यंत तळहातानं एक मोठा पट्टा ओढला. गळ्यात आंब्याच्या पानांची माळ घातली. मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली कुत्र्याला जागा नव्हती, म्हणून ती त्याला दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला न्यायची. लेकरं आपापले लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी आणि त्यांच्या मधे झिंग्या, जीभ बाहेर काढून, शहाण्यासारखा. त्याला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. तो त्यानं तिथंच खाल्ला आणि घरी येऊन वर चार पुरणपोळ्या खाल्ल्या. मोहल्ल्यातल्या पोरांनी पाहून पाहून गेल्या दोन वर्षांत आपापली कुत्रीही रंगवायला सुरुवात केली होती, त्याचा चंदाबाईला केवढा तोरा!

पोळ्यानंतर नवव्या दिवशी गावात कुत्र्यांच्या सुईची गाडी आली. गाव जंगलाला लागून. गावातल्या कुत्र्याचा रोग जंगलातल्या जनावराला लागू नये आणि जंगलातला गावाला लागू नये म्हणून दरवर्षी ती येते. आदल्या दिवशी भोंग्यावर सांगून गेले होते, कुत्री घरी बांधून ठेवा. बापूजीनं झिंग्याला दारच्या खांबाला बांधलं आणि तो डोंगा घेऊन तलावावर गेला. चंदाबाई धानाच्या निंदणाला गेली होती.

डॉक्टरीणबाई सकाळी एका टोकानं निघायच्या आणि दुपारी गुरांच्या दवाखान्यातला परिचर हरिदास दुसऱ्या टोकाकडून राहिलेली कुत्री टिपत यायचा. सुई टोचली की कुत्र्याच्या डोक्यावर रंग लावायचा, म्हणजे एकाला दोनदा होत नाही. आणि घराच्या भिंतीवर गेरूनं लिहायचं. वरचा आकडा घरात कुत्री किती, खालचा सुया किती.

दुपारी बापूजी परतला तेव्हा भिंतीवर गेरूनं एकावर एक लिहिलेलं होतं. झिंग्याच्या डोक्यावर गुलाबी रंग होता. बापूजीनं त्याला सोडलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "रडला तं नाई ना बे?"

पुढं नवरात्रात एक दिवस असा आला की तो बापूजी मरेपर्यंत विसरणार नाही. दुपारचं ऊन, तलावाच्या पाळीवर तो जाळं वाळवत होता. पळसाच्या झुडपातून कोल्हा बाहेर आला. कोल्हा दिवसा माणसासमोर येत नाही. हा सरळ आला, मान वाकडी, तोंडाला फेस, पाय टाकतोय एकीकडे आणि पडतोय दुसरीकडे. बापूजी उठेपर्यंत तो पाच हातांवर होता. मधे झिंग्या पडला. दोघांची गुंतागुंत झाली, धूळ उडाली. बापूजीनं डोंग्याचा बांबू उचलून घातला तेव्हा कोल्हा झुडपात पळाला. झिंग्याच्या ओठातून रक्त गळत होतं आणि तो शेपटी हलवत होता, काहीतरी मोठं काम करून आल्यासारखा.

घरी चंदाबाईनं जखमेत हळद भरली. "झिंग्या, सांग तुया बापाले," ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात नेऊन दाखवा मनाव. कोल्हा बरा नोयता."

दवाखाना सहा किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचं मोठं जाळं पडणार होतं. बापूजीनं झिंग्याकडे बघून सांगितलं, "सांग तुया मायले, सुई झाली हाय. भिंतीवर लिवलं हाय, दिसत नाई का? सरकारी सुई वाया जाते का?"

चंदाबाईनं भिंतीकडे पाहिलं. ओठ आठ दिवसांत भरून आला आणि झिंग्या पुन्हा डोंग्याच्या टोकाशी उभा राहून बगळ्यांवर भुंकू लागला.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. धान पिवळं पडलं होतं. एका सकाळी चंदाबाईनं मरळीचं डोकं उकडून टाकलं, तर झिंग्या ते तोंडात धरून उभा राहिला आणि त्यानं ते खाली टाकलं. पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. त्याचा जबडा लोंबत होता. भुंकला तेव्हा आवाज त्याचा नव्हता. आतून कुणी दुसरंच ओरडावं तसा फाटका आवाज. चंदाबाईनं हाक मारली तर त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कोण आहे हे न कळल्यासारखं पाहत राहिला.

बापूजीनं जन्मभर तलावकाठी दिवस काढले होते. पिसाळलेलं जनावर त्यानं पाहिलं होतं. त्याला पहिल्या नजरेत कळलं आणि तरी तो तासभर स्वतःशी म्हणत राहिला की घशात काटा अडकला असेल. काटा काढायला त्यानं हातही घातला. मग त्यानं झिंग्याला साखळी घालून जाळ्यांच्या खोलीत बांधलं, दार लावलं आणि हरिदासला फोन केला.

हरिदास मोटारसायकलवर आला. बारीक, अबोल माणूस. वीस वर्षं या भागातली गुरं त्याच्या हाताखालून गेली होती. त्यानं दाराच्या फटीतून बराच वेळ आत पाहिलं. मागं वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊ, कायनं धरलं होतं काय याले?"

"कोल्ह्यानं. नवरात्रात."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सुई झाली होती ना," बापूजी भिंतीकडे बोट करून म्हणाला. "तुमीच लिवून गेल्ते."

हरिदास भिंतीकडे बघत राहिला. अक्षर त्याचंच होतं. "सुई झाली असली तरी अजून द्या लागते, भाऊ. पन सुई झालेल्या कुत्र्याले असं होत नाई सहसा," तो हळूच म्हणाला. "देल्ली कोनी याले? मॅडमनं? घरी कोन होतं?"

घरी कुणीच नव्हतं. होती ती समोरच्या ओट्यावर. बुधरीमाय, ऐंशीची, दिवसभर ओट्यावर बसून गल्लीचा हिशेब ठेवणारी. ती तिथूनच बोलली, "याले कोनीच नाई देल्ली ना बाप्पा. मॅडम तं इकडे आलीच नाई. तू आला, डोस्क्यावरचा रंग पाह्यला, म्हटलं झाली याची, न भिंतीवर लिवून निंगाला. मले वाटलं, तुमाले समजत असन."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धानाच्या पेंढ्या घेऊन गेला, तो जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते. बापूजीच्या डोळ्यांसमोर चंदाबाईचा हात आला. कपाळापासून कानामागपर्यंत, प्रेमानं ओढलेला पट्टा.

"पोळ्याचा रंग होता तो," बापूजी म्हणाला. "आमच्या घरचा."

हरिदासनं भिंतीवरच्या आपल्या अक्षरावर हात ठेवला. "सकाळपासून साठ कुत्री झाली होती, भाऊ. म्या फक्त रंग पाह्यला. पाठीवरचे शिक्के पाहाले पायजे होते. मायी चूक हाय."

"तिले नोका सांगू," बापूजी म्हणाला. मग तो रस्ता ओलांडून बुधरीमायकडे गेला आणि तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. "माय, तुया पाया पडतो. तिच्या कानावर जाऊ देऊ नोको. ते मरून जाईन." बुधरीमायनं आयुष्यात कुठलीच गोष्ट पोटात ठेवली नव्हती. तिनं मान हलवली आणि पदर तोंडाशी धरला.

चंदाबाई मागच्या दारी पाणी आणायला गेली होती. ती आली तेव्हा कमरेवरच्या घागरीतलं पाणी हिंदकळून तिचं अर्धं लुगडं भिजलं होतं. हरिदास तिला म्हणाला, "बाई, औषध कच्चं निंगालं. कधी कधी निंगते. तुमचा कोनाचा दोष नाई." चंदाबाईनं घागर खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली. मग विचारलं, "किती दिवस?"

"तीन. लय तं चार."

"त्याले तरास होते काय?"

हरिदास खोटं बोलण्यात पक्का नव्हता. एक खोटं त्यानं नुकतंच खर्च केलं होतं. तो म्हणाला, "उद्या मॅडमले घेऊन येतो. शांत झोपाची सुई असते. ते देऊ." मग त्यानं दोघांनाही बजावलं की आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या सुया सुरू करा, हात घातला असेल तर हयगय नको, आणि दार अजिबात उघडू नका.

दवाखान्यातून परत आल्यावर चंदाबाई जाळ्यांच्या खोलीबाहेर बसली. आत साखळी वाजत होती. झिंग्या जाळी फाडत होता, बापूजीनं सहा महिने विणलेलं झिरझिरीत जाळं, आणि बापूजीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मधेच आवाज बंद व्हायचा आणि ती फटीला डोळा लावायची. संध्याकाळी तिनं बारीक गॅसवर पुरण शिजवलं. दिवाळीच्या तोंडावर पुरण कशाला, असं कुणी विचारलं नाही. एक पोळी ताटलीत घेऊन ती बंद दाराशी बसली आणि फटीतून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बापूजी उठून तलावावर गेला. डोंग्यात बसून तो हमसाहमशी रडला. बाप मेला तेव्हा तो असा रडला नव्हता, हे त्याला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. दवाखाना सहा किलोमीटरवर होता. ती म्हणाली होती, नेऊन दाखवा. एका दिवसाचं जाळं बुडालं असतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना सुई द्यावी लागली नाही. झिंग्या पहाटेच संपला होता, फाटलेल्या जाळ्यात गुंडाळून. त्या जाळ्यासकटच त्याला पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली खोल पुरलं. हरिदासनं हातमोजे घालून खड्डा स्वतः खणला, कुणाला फावडं लावू दिलं नाही.

नंतर घरात बोलणं उरलं नाही. सांगायचं कुणामार्फत? पुन्हा ताट वाजू लागलं, पुन्हा खोकला सुरू झाला. दवाखान्यातल्या बाकावर सुयांची वाट बघत दोघं शेजारी शेजारी बसत, दंड उघडा करून, आणि दोघांची नजर समोरच्या भिंतीवर. बापूजीच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक तिला कळू द्यायची नव्हती आणि एक तिला सांगायची होती: की चूक माझी, मी त्याला दवाखान्यात नेलं नाही. पण एक सांगितली की दुसरी तिच्या मागोमाग निघेल अशी त्याला भीती वाटे, म्हणून तो दोन्ही गिळून बसला.

रिंकूनं फोनवर सांगून पाहिलं, "आई, इथी शेजारी पिल्लं झाले. एक घेऊन येऊ का?" चंदाबाई म्हणाली, "नोको." रिंकूनं कारण विचारलं तर तिनं फोन बापूजीकडे सरकवून दिला.

दिवाळीला तिनं घराला चुना मारला. सगळी भिंत पांढरी शुभ्र झाली, फक्त वीतभर चौकोन तेवढा जुनाच राहिला. त्यात गेरूनं एकावर एक लिहिलेलं. बापूजीला वाटलं, झिंग्याची आठवण म्हणून ठेवलं असेल. जाता येता त्याची नजर तिथं पडे आणि तो मान खाली घाले.

वर्ष फिरलं. पुन्हा पोळा आला. चंदाबाईनं रंग कालवला नाही. बैल धुवायला आलेल्या नथ्थूनं तलावावर तिला पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तो आपल्या जोडीच्या पाठीवर पाणी मारत राहिला. मोहल्ल्यातल्या पोरांना मात्र या सगळ्याशी काय घेणं? त्यांनी आपली कुत्री रंगवली. कुणाच्या पाठीवर शिक्के, कुणाच्या कपाळावर टिळा, सगळं चंदाबाईचं बघून शिकलेलं, गुलाबीच.

भोंग्यावर सुईची घोषणा झाली. त्या सकाळी बापूजी डोंगा घेऊन निघाला तर चंदाबाई दारात उभी. निंदणाला गेली नव्हती. त्याला काहीतरी वाटलं. तो पाळीपर्यंत गेला आणि परत आला.

हरिदास गल्लीच्या टोकाशी पोचला होता. चंदाबाई त्याच्या पुढं चालत होती. पहिल्या घरी बांधलेल्या कुत्र्याजवळ ती वाकली, त्याच्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हरिदासभाऊ, हा रंग पोळ्याचा हाय. सुईचा नाई. याले द्या."

हरिदास जागच्या जागी थांबला. मग म्हणाला, "बरं बाई." त्यानं सुई दिली.

ती दुसऱ्या घरी गेली. "हाही पोळ्याचा. याले द्या."

"बरं बाई."

बापूजी समोर बुधरीमायच्या ओट्याला धरून उभा होता. तेव्हा त्याला कळलं. वर्षभर, दवाखान्यातल्या बाकावर, चुना मारताना, ताट आपटताना, सगळा वेळ तिला माहीत होतं. हिंदकळलेली घागर त्याला आठवली. तो बुधरीमायकडे वळला. म्हातारी म्हणाली, "माया गळ्याची आन हाय बापू, म्या नाई सांगतलं." आणि ते खरं होतं, हे त्याला कळलं.

हरिदासच्या पिशवीत या वर्षी हिरव्या रंगाचा डबा होता. साहेबांच्या मागं लागून, चार वेळा खेटे घालून त्यानं रंग बदलून घेतला होता. गुलाबी कुत्र्याला आता कुणी सुई झालेलं समजणार नव्हतं. चंदाबाईनं सांगायची काही गरज नव्हती. पण तो डबा त्यानं तिच्यासमोर बाहेर काढला नाही. ती पुढच्या कुत्र्याकडे वळली, तिची पाठ झाली, की तो बोटाएवढा हिरवा ठिपका पटकन कानामागं लावायचा आणि डबा परत पिशवीत. गल्लीत अकरा कुत्री होती. अकरा वेळा ती वाकली, अकरा वेळा तिनं तेच सांगितलं आणि अकरा वेळा हरिदास "बरं बाई" म्हणाला.

शेवटी ते तिच्या दाराशी आले. चुन्याच्या भिंतीतल्या त्या मळक्या चौकोनासमोर हरिदास गेरूचा खडा हातात घेऊन उभा राहिला. त्याच्यानं लिहवेना.

"लिवा ना, भाऊ," चंदाबाई म्हणाली.

"राहू द्या, बाई."

"राहू कायले द्याचं? घर सोडून कसं जमन. लिवा. शून्य."

हरिदासनं जुन्या आकड्याशेजारी वर एक शून्य काढलं आणि खाली एक शून्य काढलं. मग गेरूचा हात पॅन्टला पुसत तो पुढच्या गल्लीकडे निघून गेला.

बापूजी रस्ता ओलांडून आला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. तुझा रंग नाही, माझा आळस. तू म्हणाली होतीस, नेऊन दाखवा. रिंकू झाल्यापासून तो तिच्याशी सरळ एक वाक्य बोलला नव्हता, आणि आता जीभ उचलेना. चंदाबाई आत गेली. गॅसचा आवाज झाला, भांडं वाजलं. तो दारातच उभा राहिला. दारच्या खांबाला साखळी घासून घासून पडलेली खाच होती, तिच्यावर त्याचा हात गेला.

बऱ्याच वेळानं ती उंबऱ्याशी आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खांबापाशी, जिथं झिंग्या बसायचा, त्या रिकाम्या जागेकडे बघत ती म्हणाली, "सांग तुया बापाले, भात झाला."

बापूजीनंही तिकडेच पाहिलं.

"येतो म्हनाव," तो म्हणाला.